गाडीचं मूळ विचारू नये

पेट्रोल भरायला थांबलो की मला हमखास दोन प्रश्न येतात. पहिला गाडीबद्दल: ही कुठली गाडी? त्याचं उत्तर लांबत गेलं की दुसरा माझ्याबद्दल: आणि तुम्ही मूळचे कुठले? कॉव्हेंट्रीत राहून एकवीस वर्षं झाली, त्यामुळे दुसऱ्याचं उत्तर तोंडपाठ आहे. पहिल्याचं अजून जमत नाही. चासी मी घरामागच्या गॅरेजात वेल्ड केलेली, पण मापं चाळीस वर्षांपूर्वीच्या एका चासीवरून उतरवलेली, आणि ती बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. मागचा ॲक्सल १९७८ च्या फोर्ड एस्कॉर्टचा. इंजिन नव्वदच्या दशकातल्या दुसऱ्याच एका फोर्डचं. बॉडी फायबरची, जुनीच, पण डाव्या मडगार्डात फायबर कमी आणि मी भरलेली लांबी जास्त. आणि नंबरप्लेटची सुरुवात ‘क्यू’ या अक्षराने. इथल्या सरकारी भाषेत त्याचा अर्थ असा, की या गाडीचं वय किंवा मूळ खात्रीने सांगता येत नाही.

हा क्यू इथे कमीपणाचा मानतात. विकायला काढली तर भाव पडतो, विमेवाले चार प्रश्न जास्त विचारतात, आणि हौशी मंडळींच्या मेळाव्यात कुणीतरी बाजूला घेऊन हळहळतं. मला मात्र तो मिरवावासा वाटतो. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये असं आपण म्हणतो. घरी बांधलेली गाडी त्याच पंगतीत बसायला हवी. जिला मूळ असं काही नसतंच, तिच्याकडे मूळ मागत बसलं की गाडी तर बिघडतेच, शिवाय ती बांधणारा हातही लुळा पडतो.

‘किट’ म्हटलं की आपल्याकडे सीएनजीचं किट आठवतं. इथलं किट म्हणजे चासी, फायबरची बॉडी, पिशवीभर ब्रॅकेट आणि भरपूर आशावाद. इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल, स्टिअरिंग हे सगळं एखाद्या थकलेल्या गाडीतून काढायचं. तिला ‘डोनर’ म्हणतात. मूत्रपिंड देणाऱ्या माणसाला म्हणतात तेच.

ही प्रथा ब्रिटिशांच्या हौसेतून आली असं ऐकवलं जातं. हौस होतीच. युद्धानंतरच्या टंचाईत ऑस्टिन सेव्हन किंवा फोर्ड पॉप्युलरसारख्या साध्यासुध्या गाडीची बॉडी काढून तिच्या चासीवर आपल्या मनासारखं काही चढवणारे पुष्कळ होते. पण या हौसेचा धंदा झाला तो करामुळे. ब्रिटनमध्ये १९४० पासून परचेस टॅक्स होता, आणि पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात मोटारींवर तो ६० टक्क्यांपर्यंत गेला होता. पूर्ण गाडीवर हा कर लागे, सुट्या भागांवर लागत नसे. १९५७ साली कॉलिन चॅपमनने लोटस सेव्हन आणली ती याच फटीतून. जोडणीची सूचना सोबत दिली तर माल ‘गाडी’ ठरण्याची भीती, म्हणून म्हणे गाडी खोलायची कशी याची सूचना द्यायचे आणि ती उलटी वाचायची. ही गोष्ट इथल्या प्रत्येक गॅरेजात सांगितली जाते, आणि सांगणारा दर वेळी स्वतःच आधी हसतो. एप्रिल १९७३ मध्ये व्हॅट आला आणि फट बुजली. त्याच वर्षी लोटसने सेव्हन सोडली, केटरहॅमने उचलली, आणि गंमत म्हणजे आजही ती किट म्हणून मिळते. कर गेला, सवय उरली. पुढे १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन या शिक्षकाचं पुस्तक आलं: अडीचशे पौंडांत स्पोर्ट्स कार घरी बांधा. एक इंची चौकोनी पाइप कापायचे, वेल्ड करायचे, जुन्या एस्कॉर्टचे अवयव बसवायचे. आता चासीसुद्धा विकत घ्यायची गरज राहिली नाही.

म्हणजे ही गाडी जन्मापासून वर्गवारीच्या फटीत राहिलेली आहे. दुकानात ती गाडी नव्हती, सुट्या भागांची पेटी होती. रस्त्यावर आली की गाडी होती. अशा वस्तूची जन्मपत्रिका मागणाऱ्याला काय म्हणावं?

माझी गाडी मला मिळाली तेव्हा एका शेडमध्ये विटांवर उभी होती. पहिल्या मालकाने ती १९८५ च्या सुमारास बांधली होती. त्याचं नाव कागदावर आहे, माणूस कधी भेटला नाही. पण सहा हिवाळे मी त्याच्याशी भांडलो आहे. या गृहस्थाने गाडीचं अख्खं वायरिंग लाल वायरीने केलं होतं. हेडलाइट लाल, हॉर्न लाल, अर्थिंगही लाल. कुठूनतरी एकच मोठं बंडल मिळालं असणार. प्रत्येक वायरीच्या टोकाला कागदी चिकटपट्टीचं इवलंसं निशाण आणि त्यावर बॉलपेनने आकडा, १ ते ४३. कुठला आकडा कशाचा, याची वही मात्र गाडीबरोबर आली नाही. मल्टिमीटर घेऊन एकेक वायर शोधायला माझा एक पूर्ण डिसेंबर गेला. २७ नंबरची वायर कुठेच जात नव्हती. डॅशबोर्डमागून निघून सीटखाली संपत होती, टोकाला व्यवस्थित टेप गुंडाळलेली. त्याच्या मनात काहीतरी होतं, ते राहून गेलं.

ब्रेकची नळी बघून मात्र मी त्याला मराठीत शिव्या हासडल्या. सायलेन्सरच्या पाइपापासून दोन बोटांवरून ती गेली होती आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधली होती. पट्टी उष्णतेने कडकडीत झालेली, हात लावताच तुटली. ब्रेक ऑईल तापून उकळलं तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि पेडल थेट तळाला जातं. याच माणसाने मागच्या ॲक्सलच्या ब्रॅकेटचं वेल्डिंग इतकं सुबक केलं होतं की ते पुसून काढताना मी क्षणभर थांबलो. घरी काम करणाऱ्याचं असंच असतं. जे त्याला आवडतं ते कारखान्यापेक्षा सरस, आणि जे कंटाळवाणं ते रविवारी संध्याकाळी उरकलेलं. या कामाचं कौतुक करणारे पहिली गोष्ट सांगतात, विरोध करणारे दुसरी. एकाच गाडीखाली झोपून मी दोन्ही पाहिल्या आहेत.

आणि मग चासी. चौकोनी पाइप बाहेरून कितीही रंगवा, रिव्हेटसाठी पाडलेल्या भोकांतून पाणी आत शिरतं आणि गंज आतून चढतो. डोळ्यांना काही दिसत नाही. आमच्या आप्पांचं उद्यमनगरात लेथचं दुकान होतं. त्यांनी लहानपणी शिकवलं होतं ते इथे कामी आलं: छोटी हातोडी घ्यायची आणि ऐकत जायचं. चांगला पाइप टणकन बोलतो, कुजलेला थप करतो. खालच्या दोन्ही बाजूंचे पाइप पुढच्या चाकापासून सीटपर्यंत थप थप करत होते.

इथून पुढे माझी गाठ कायद्याशी पडली.

ब्रिटनमध्ये जुन्या गाडीत बदल केले तर ती ‘तीच’ राहिली का, हे ठरवायला डीव्हीएलए या नोंदणी खात्याची गुणपद्धत वर्षानुवर्षं चालत आली होती. मूळ चासी किंवा बॉडीशेल, ५ गुण. सस्पेन्शन २, ॲक्सल २, गिअरबॉक्सकडची सगळी साखळी २, स्टिअरिंग २, इंजिन १. चौदापैकी निदान आठ मिळवायचे, आणि चासी जुनीच किंवा त्याच कंपनीची तशीच नवीन हवी. नाहीतर जुना नंबर गेला, नव्याने तपासणी, आणि बहुधा क्यू. हे नियम अलीकडे काहीसे सैल झाले, पण माझ्या वेळी ते असे होते.

हे कोष्टक पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला मिलिंद राजा आठवला. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला हा ग्रीक राजा रथात बसून नागसेन भिक्खूंना भेटायला येतो, आणि नागसेन त्याला विचारतात: महाराज, रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग हे सगळं मिळून रथ? तेही नाही. शेवटी त्यालाच कबूल करावं लागतं की भागांच्या आधाराने व्यवहारापुरतं दिलेलं ते एक नाव आहे. दोन हजार वर्षांनी वेल्समधल्या एका कचेरीने नागसेनांना उत्तर दिलं: आसाचे दोन गुण, भन्ते, आणि सांगाड्याचे पाच.

कारकुनी म्हणून मला त्यात काही गैर वाटत नाही. चोरीच्या गाडीला भंगारातल्या गाडीचा नंबर चिकटवणारे असतात, त्यांना कुठेतरी अडवलंच पाहिजे. पण ओळख मोजण्यासाठी केलेलं हे कोष्टक लोकांच्या डोक्यात बरं-वाईट मोजण्याचं कोष्टक होऊन बसतं. माझंच उदाहरण घ्या. जुनं १३०० सीसीचं इंजिन काढून मी जवळपास दुप्पट ताकदीचं बसवलं. सहाशे किलोच्या गाडीत हा बदल धोक्याच्या दृष्टीने सगळ्यात मोठा. त्याची किंमत एक गुण. उलट कुजलेल्या चासीच्या जागी जाड पाइपाची, कोपरे नीट बांधलेली नवी चासी केली, म्हणजे गाडी खरोखर सुरक्षित केली, तर जुना नंबरच गेला. मग लोक काय करतात? कुजलेला पाइप तसाच ठेवतात, वर पत्र्याचा पॅच मारतात, लांबी भरतात, काळा रंग फासतात. आठ गुण शाबूत. जुनी, ‘ओरिजिनल’, भाव चांगला. अशा दोन गाड्या मी उचलून खालून पाहिल्या आहेत. मालकांनी अभिमानाने दाखवलेला जुना नंबर वर चकाकत होता आणि खाली बोट घातलं तर आत जात होतं.

राजवाड्याची डागडुजी करताना मूळ दगड जपावा, हे मला पटतं. पहिल्या मालिकेतली एखादी लोटस सेव्हन असेल, तर तिचा प्रत्येक रिव्हेट जपा. तिथे मूळ नावाची गोष्ट आहे आणि ती कुणीतरी विचारपूर्वक आखलेली आहे. पण माझ्या गाडीत जपायचं काय? लाल वायर? सायलेन्सरशेजारची ब्रेकची नळी? पहिल्या माणसाने ती बांधली तेव्हाच ती एस्कॉर्टची राहिली नव्हती आणि कंपनीची झाली नव्हती. ती त्याच्या समजुतीची गाडी होती. त्याची समजूत जिथे बरोबर होती तिथे मी हात लावला नाही. ॲक्सलची ब्रॅकेट नव्या चासीवर हुबेहूब त्याच्यासारखी केली, निदान जमली तेवढी. जिथे चुकली होती तिथे दुरुस्त केली. माझ्या लेखी मूळ मालकाशी इमान राखणं म्हणजे एवढंच.

सगळं उभं राहिल्यावर व्हिडिओ कॉलवर आप्पांना दाखवलं. त्यांनी बराच वेळ काही म्हटलं नाही. मग, “एवढं शिकून शेवटी फिटरच झालास व्हय रे?” आणि लगेच कामाचा प्रश्न: “पण ह्याचं पासिंग कोण करणार?”

पासिंग करणारे आहेत, हीच तर इथली सगळ्यात चांगली गोष्ट. १९९८ पासून घरी बांधलेल्या गाड्यांना एकेकट्या गाडीची तपासणी सक्तीची आहे. २००९ मध्ये तिचं रूप बदललं आणि ती आयव्हीए झाली. ही तपासणी तुम्ही कोण, शिक्षण काय, कारखाना आहे का, असं काही विचारत नाही. ती गाडीला विचारते. सीटबेल्टचा बोल्ट किती जाड, तो कशात रुतलाय. स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवत नाही ना. स्टिअरिंग सोडलं तर चाकं सरळ होतात का. आणि एक चेंडू असतो, १०० मिलिमीटर व्यासाचा. गाडीच्या बाहेरच्या अंगाला जिथे हा चेंडू टेकतो, तिथली प्रत्येक कड निदान अडीच मिलिमीटर त्रिज्येने गोल हवी. रस्त्यावरून जाणारं कुणी आपल्या गाडीला घासलं तर कापता कामा नये, एवढाच त्यामागचा विचार. मी पहिल्या वेळी नापास झालो. बॉनेटच्या खिट्टीची कड तीक्ष्ण होती. घरी येऊन कानस घेतली आणि ती खिट्टी घासताना जाणवलं की सहा वर्षांत त्या अनोळखी पादचाऱ्याचा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता. मी माझ्या गाडीचा, फार तर माझ्या जिवाचा विचार करत होतो.

तपासणीपुरती कडांना रबरी पट्टी चिकटवून घरी आल्यावर ती काढून टाकणारेही आहेत. पळवाट सगळीकडेच असते. तरीही या दोन कचेऱ्यांमधला फरक मला महत्त्वाचा वाटतो. एक विचारते, तू मूळचा कोण? दुसरी विचारते, आज तू कसा आहेस, आणि तुझ्यामुळे कुणाला इजा होईल का? घरी गाडी बांधणाऱ्याला पहिल्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. दुसऱ्याचं देता येतं; त्यासाठी त्याला शिकावं लागतं.

आपल्याकडे पहिला प्रश्नच कायदा झालेला आहे. मोटार वाहन अधिनियमाचं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. मान्यताप्राप्त गॅस किटसारखे अपवाद आहेत, पण गाडीचा कर्ता उत्पादक, मालक फक्त वापरणारा, हे त्यातलं गृहीत. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआयची उत्तम प्रयोगशाळा आहे, १९६६ पासूनची. कंपन्या तिथे आपलं मॉडेल पास करून घेतात आणि मग त्याबरहुकूम हजारो गाड्या काढतात. घरी एकच गाडी बांधणाऱ्याला परवडेल असा रस्ता त्या टेकडीवर जात नाही.

म्हणून देवराष्ट्र्याची गोष्ट मला सलते. यशवंतराव चव्हाणांच्या या जन्मगावातल्या एका कारागिराने भंगारातून, साठेक हजार रुपयांत, किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ देशभर फिरला. आनंद महिंद्रांनी मनापासून कौतुक केलं, आणि ही नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या अडवली जाईल हेही सांगितलं. त्यापेक्षा ती आम्हाला द्या आणि बोलेरो घ्या. पुढच्या महिन्यात बोलेरो आली. महिंद्रांचा मोठेपणा मला मान्य आहे. त्यांच्या हातात होतं ते त्यांनी दिलं. पण हार, पेढे आणि फोटोंच्या गर्दीत झालं काय, तर एका गाडी बांधणाऱ्याला बक्षीस म्हणून गाडी वापरणारा करून टाकलं. त्या जीपचे ब्रेक कसे होते, हे कुणी अधिकाराने तपासलं असतं, नापास केलं असतं, कारण लिहून दिलं असतं, तर त्या माणसाने सहा महिन्यांत ते दुरुस्त करून आणले असते. तिथून पन्नासेक किलोमीटरवर इचलकरंजीत शंकरराव कुलकर्ण्यांनी ‘मीरा’ नावाची छोटी मोटार चाळीसच्या दशकाच्या अखेरीपासून सत्तरीपर्यंत पुन्हा पुन्हा बांधून सुधारली. ती कारखान्यात कधी गेलीच नाही. आपल्या भागाला असे हात नवे नाहीत.

यावर आक्षेप येणार, आणि तो हलका नाही. रस्त्यांवर वर्षाला दीड लाखाहून जास्त माणसं मरतात त्या देशात घरगुती गाड्यांना दार उघडायचं? लाल वायरी आणि उकळणारे ब्रेक आपल्या घाटांत सोडायचे? शिवाय गाडी न बघता पासिंग झाल्याच्या कहाण्या आपण सगळ्यांनी ऐकलेल्या आहेत. परीक्षकच विकला जात असेल तर माझी सगळी मांडणी कोसळते, हे मी मान्य करतो. पण मग बंदीचीही अंमलबजावणी तोच माणूस करणार असतो. आणि बंदीमुळे बदल थांबलेले नाहीत. ते झाकले गेले. उंचावलेल्या जीपा, कापून लांब केलेले टेम्पो, गल्लीत वेल्ड केलेले ट्रेलर रस्त्यावर आहेतच. त्यांच्या ब्रेकवर कुणी बोट ठेवत नाही, कारण कागदावर ते बदल अस्तित्वातच नाहीत. उद्यमनगरातल्या कुठल्याही मिस्त्रीला विचारा, चोरून केलेल्या कामाला तो बिल देत नाही, आणि ज्याचं बिल नाही त्याची जबाबदारी नाही. एखाद्या राज्यात एखाद्या केंद्रावर वर्षाला शंभर गाड्या तपासायला घ्या, वेगमर्यादा घाला, वाटल्यास हायवे बंद ठेवा. क्यूसारखं एखादं अक्षर द्या, म्हणजे समोरच्यालाही कळेल. एवढं करून किती पास होतील? पहिल्या वर्षी बहुधा एकही नाही. नापासांची शंभर पत्रकं मात्र हातात येतील, आणि त्यांतून जेवढं शिकता येईल तेवढं कौतुकाच्या व्हिडिओंतून येत नाही.

वायरिंग मी आता सात रंगांत केलंय. यादी दोन प्रतींत आहे, एक घरी आणि एक बॅटरीच्या खोक्याच्या झाकणाला आतून चिकटवलेली. २७ नंबर रिकामा ठेवलाय.

दर वर्षी मार्चमध्ये, मीठ टाकलेले रस्ते पावसाने धुऊन निघाले की, मी गाडी जॅकवर घेतो आणि आप्पांना फोन लावतो. त्यांना आता चित्र नीट दिसत नाही, म्हणून कॅमेरा बंदच ठेवतो. फोन चासीखाली लाद्यांवर ठेवायचा आणि पुढून मागे एकेक पाइप वाजवत जायचं. मधेच ते कुणालातरी पंखा बंद करायला सांगतात. या वर्षी डावी बाजू पूर्ण झाली, उजवीकडे मी सीटपर्यंत आलो आणि पुढे सरकलो.

“थांब,” ते म्हणाले. “शेवटची परत वाजव.”